अठरा जानेवारीची वही

माझा वाढदिवस १८ जानेवारीला असतो. आमच्या घरात मात्र ही तारीख माझ्या नावावर नाही. ती हृषिकेश कानिटकरच्या नावावर आहे!

सांगते. १८ जानेवारी १९९८, रविवार. ढाक्यात इंडिपेंडन्स कपची तिसरी फायनल. पाकिस्तानने ४८ ओव्हर्समध्ये ३१४ ठोकलेल्या. सईद अन्वर १४०, एजाज अहमद ११७. तोवर वन-डेत एवढा स्कोअर कुणी चेस केलाच नव्हता, त्यामुळे निम्म्या भारताने टीव्ही बंद करून टाकला असणार. पण गांगुलीने १२४ केल्या, रॉबिन सिंगने ८२, मग आपली नेहमीची पडझड, वर मैदानावर अंधारून आलेलं. शेवटचे दोन बॉल, तीन रन्स हव्यात, बोलर सकलेन मुश्ताक. आणि पुण्याच्या त्या डावखुऱ्या पोराने मिडविकेटला चौका हाणला.

त्याच संध्याकाळी अमरावतीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी जन्मले. बाबा तिथे नव्हते. बाबा मॅच बघत होते.

ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली असेल. बारसं असो, साखरपुडा असो, कुणी ना कुणी आईला खोदतंच आणि आई सुरू होते, "इकडं मी मरून रायली होती अन् याईचे बाबा तिकडं चौका पाहून रायले!" सगळे हसतात. बाबा सगळ्यांत जास्त हसतात. आई हसते खरी, पण तिच्या आवाजात एक बारीक काच असते. ती लहानपणी मला ऐकू यायची नाही. आता येते.

बाबांची एक वही आहे. एलआयसीच्या जुन्या डायरीसारखी, जाड पुठ्ठ्याची. तिच्या पहिल्या पानावर फक्त '१८ जानेवारी' असं लिहिलंय आणि पुढे प्रत्येक वर्षाला एक पान. त्या तारखेला कुठे, कोणती मॅच, काय स्कोअर. बस्स! कुणाचे बाबा तिकिटं जमवतात, कुणाचे शेअर्सचे भाव लिहून ठेवतात, माझे बाबा एका तारखेचं क्रिकेट जमवतात.

अमेरिकेत बेसबॉलच्या टीमचे फॅन असले उद्योग करतात म्हणे. पण त्यांचं सोपं आहे हो. तिथली एक टीम एका सीझनला १६२ मॅचेस खेळते, एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोज. कुठलीही तारीख काढा, शंभर वर्षांचा माल हजर. आमच्याकडे जानेवारीतली एक तारीख आणि तीवर कधी मॅच, कधी काहीच नाही. पण नशीब बघा, ही तारीख बाबांना फारशी दगा देत नाही.

२००४. ब्रिस्बेन. लक्ष्मण नाबाद १०३, ऑस्ट्रेलिया त्यांच्याच घरात १९ रन्सनी गार. मी सहा वर्षांची. २००८, पर्थ टेस्टचा तिसरा दिवस. २०१५, मेलबर्न, रोहित शर्मा १३८, पण हरलो. २०१९, पुन्हा मेलबर्न, चहलच्या ४२ रन्समध्ये सहा विकेट्स आणि सीरिज खिशात. २०२१, ब्रिस्बेन टेस्टचा चौथा दिवस, सिराजच्या पाच. (आपण जिंकलो ते दुसऱ्या दिवशी. त्यामुळे ऋषभ पंत या वहीत नाही. नियम म्हणजे नियम!) २०२३, हैदराबाद, शुभमन गिल २०८.

आणि मधल्या रिकाम्या वर्षांत? तिथे बाबांनी लिहिलंय, 'खेळ नाही.'

२००३. 'खेळ नाही. पोरीला गोवर. आता बरी.'

२०१६. 'खेळ नाही. केकवर अठरा मेणबत्त्या मावेनात.'

२०२०. 'खेळ नाही. पोरगी मुंबईला, नवी नोकरी. फोन लागला नाही.'

त्या दिवशी फोन लागला होता. मीच उचलला नव्हता.

इथे थोडं आमच्या घराचं राजकारण सांगायला हवं. बाबा अकोल्याचे, आई अमरावतीची. मध्ये जेमतेम शंभर किलोमीटर आणि वाटेत मूर्तिजापूर, पण दोन्हीकडच्या लोकांचं ऐकलं तर वाटावं मध्ये समुद्र आहे. हा रस्ता कित्येक वर्षं इतका भयाण होता की आजीच्या तोंडचा एक श्लोक त्या खड्ड्यांवर खर्ची पडायचा. जून २०२२मध्ये त्याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तासांत करून गिनीज रेकॉर्ड झालं, तेव्हा मामा म्हणाला होता, "अकोल्याले जायची इतकी घाई कोनाले होती बाप्पा?"

आणि या दोन्ही गावांचं एक सामायिक दुखणं म्हणजे नागपूर. महाराष्ट्राच्या एका राज्यातून रणजीत तीन टीम्स उतरतात. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भ १९५७-५८पासून खेळतोय, पण वऱ्हाडातल्या पोराला क्रिकेटमध्ये काही व्हायचं तर आधी नागपूरची गाडी पकडावी लागते. बाबाही तरुणपणी एकदा सिलेक्शनला गेले होते. रात्र स्टेशनवर काढली, दुसऱ्या दिवशी परत आले. पुढचं ते सांगत नाहीत.

म्हणून १ जानेवारी २०१८चं महत्त्व. इंदूरला विदर्भाने दिल्लीला नऊ विकेट्सनी हरवून पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. साठ वर्षांनी! गुरबानीची हॅटट्रिक आणि वाडकरचे १३३ सगळ्यांना आठवतात. बाबांना आठवतो तो आदित्य ठाकरे. अकोल्याचा पोरगा, फर्स्ट-क्लास पदार्पण थेट रणजीच्या फायनलमध्ये. तारीख १८ नव्हती, तरी बाबांनी वहीचा नियम मोडला. २०१८च्या पानाच्या समासात तिरक्या अक्षरात लिहिलंय, 'सतरा दिवस आधी आपण जिंकलो. अकोल्याचा ठाकरे होता.'

'आपण' हा शब्द वहीत तिथे पहिल्यांदा येतो.

त्यानंतर बाबांच्या नोंदी दुहेरी झाल्या. वर भारत, खाली विदर्भ. २०१९ला मेलबर्नच्या खाली, 'जामठा, क्वार्टर फायनल, उत्तराखंड, चौथा दिवस. जाफर २०६.' २०२३ला गिलच्या २०८च्या खाली जे आहे ते तर मला गिलपेक्षा भारी वाटतं. १७ जानेवारीला नागपुरात गुजरातसमोर विदर्भ ७४ रन्समध्ये ऑल आउट. मॅच गेल्यातच जमा. पण दुसऱ्या डावात आमच्या अमरावतीच्या जितेश शर्माने ६९ केल्या, गुजरातला फक्त ७३ रन्स हव्या होत्या आणि १९ तारखेला ते ५४मध्ये गुंडाळले गेले! रणजीच्या इतिहासात एवढा छोटा स्कोअर त्याआधी कुणी वाचवला नव्हता. बाबांनी लिहिलंय, 'अमरावतीचा असून चांगला खेळला.' मामाला ही नोंद दाखवण्यात आली, तेव्हा घरात तासभर युद्ध चाललं.

तर १८ जानेवारी २०२५. शनिवार. विजय हजारे करंडकाची फायनल, वडोदरा, विदर्भ विरुद्ध कर्नाटक. माझ्या वाढदिवशी भारत नाही, चक्क 'आपण' फायनलला! बाबा आठवडाभर हवेत होते. करुण नायर त्या स्पर्धेत आउटच होत नव्हता, फायनलच्या आधी त्याची सरासरी ७५२ होती. सात-शे-बावन्न! सरासरी आहे की पिनकोड?

आणि मी? मी मुंबईत एका कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसलेले. फ्रीलान्सरला वीकेण्ड नसतो, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते. बाबांचे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी 'कॉल यू लेटर'चा तयार मेसेज टाकला. कर्नाटक ३४८. नायर २७वर गेला. ध्रुव शोरेने ११० केल्या, जितेशने ३४, शेवटी हर्ष दुबेने ३० बॉल्समध्ये ६३ची धुलाई केली, पण आपण ३१२. हे सगळं मला नंतर कळलं. रात्री साडेअकराला बाबांचा मेसेज आला.

'विदर्भ ३१२ ऑल आउट. ३६ ने हरलो. वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

याच क्रमाने. मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. जाम हसलो आम्ही. कुणीतरी लिहिलं, सो क्यूट. मग झोपताना मी तो परत वाचला आणि मला तो मेसेज अजिबात क्यूट वाटेना.

यंदा गेले. फार काही ग्रेट नाही, कारण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आईने फोनवर सरळ सांगितलं, "डॉक्टरनं टीव्ही पाहू नोको म्हटलं, अन् थे आयकून नाई रायले. तू ये अन् सांभाळ." अमरावती एक्स्प्रेसने सकाळी उतरले. घरी बाबा काळा गॉगल लावून दिवाणावर, साउथच्या पिक्चरमधल्या डॉनसारखे.

१८ जानेवारी २०२६, रविवार. आणि त्या दिवशी चक्क दोन मॅचेस! इंदूरला भारत-न्यूझीलंड, तिसरी आणि निर्णायक वन-डे. बंगळुरूला विजय हजारेची फायनल, विदर्भ विरुद्ध सौराष्ट्र. सलग दुसऱ्या वर्षी, त्याच तारखेला, तीच फायनल. बाबांनी गॉगलमागून विचारलं, "सांग, टीव्हीवर काय लावायचं?"

"तुम्हाला दिसणार तर काहीच नाहीये."

"मले नाई. तुले."

मी बंगळुरू लावलं. इंदूर मोबाइलवर. आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉमेंटेटर झाले. मास कॉमची डिग्री कुठे कामाला येईल सांगता येत नाही. दुपारी मामा गिला वडा घेऊन आला. आल्या आल्या बाबांनी त्याला टोमणा मारला, "तुमचा जितेश तं बडोद्याले गेला." जितेश या सीझनला खरंच बडोद्याकडून खेळतोय. मामा म्हणाला, "गेला तं गेला. आरसीबीले कप आनून देल्ला त्यानं. तुमचा तायडे काय करते ते पाहू."

अथर्व तायडे. अकोल्याचा, ओपनर. हाच तो, ज्याला २०२३च्या आयपीएलमध्ये धरमशालेला ५५वर असताना 'रिटायर्ड आउट' करून परत बोलावलं होतं. टीमला वेगाने रन्स हव्या होत्या, हा चालत बाहेर आला. बाबा तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

या वेळी त्याला कुणी बोलावलं नाही. मोखाडे गेला, मग यश राठोडबरोबर तो खेळत राहिला. मी एकेक बॉल सांगत होते. "कव्हरला, दोन." "सोडला." "चौका, बाबा." बाबा हाताची बोटं मुडपत हिशेब ठेवत होते. शतक झालं तेव्हा मी ओरडले, मामाही ओरडला (अमरावती-बिमरावती विसरून), आई आतून पळत आली. बाबा नुसते म्हणाले, "पुढं खेळ म्हना त्याले." तो पुढे खेळला. १२८. विदर्भ आठ बाद ३१७.

त्या मधल्या ब्रेकमध्ये बाबांना डुलकी लागली आणि मी वही काढली. नोंद मलाच करायची होती, त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. उगाच पहिल्या पानापर्यंत मागे गेले. १९९८. कानिटकर. पानाच्या मागे एक पिवळी पडलेली पावती चिकटवलेली. नर्सिंग होमची. अनामत रु. ४,०००, आणि वेळ पेनने लिहिलेली, सायं. ७.१०.

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. पंधरा दिवसांपूर्वीच आत्याने एका 'छान स्थळा'साठी माझी पत्रिका मागितली होती, आणि मी वैतागत तिचा फोटो पाठवला होता. त्यात जन्मवेळ आहे, रात्री ७ वाजून ५२ मिनिटं. आता हिशेब करा. ढाक्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. जानेवारीत तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. कानिटकरने चौका मारला तो संधिप्रकाशात, म्हणजे अमरावतीत तेव्हा वाजले असतील पाच, फार तर सव्वापाच. आणि मी झाले आठ वाजता. मॅच संपल्यावर जवळपास तीन तासांनी!

मग बाबा तीन तास कुठे होते?

मामाला गच्चीवर गाठलं. आधी तो गप्प. मग म्हणाला, "चौका त्यानं पाह्यला, थे खरं हाये. राजकमलच्या एसटीडीवर. पन थो मॅचसाठी नोयता गेला. फोनसाठी गेलता."

"कसले फोन?"

"पैशाचे. सिझर करा लागते म्हने, चार हजार आधी भरा. याच्यापाशी नोयते. गिरनी दिवाळीतच बंद पडली होती ना. अकोल्याले फोन लावला, लागला नाई. बडनेऱ्याच्या एका दोस्ताले लावला, थो म्हने पाहतो, फिरून फोन करतो. त्या फोनची वाट पाहत तथी उभा होता. टीव्ही चालू होता दुकानात. कानिटकरनं मारला तं सारं राजकमल नाचून रायलं होतं अन् हा फोनकडं पाहून रायला होता."

मग दोघं मामाच्या लुनावर बडनेऱ्याला गेले. पैसे आणले, भरले आणि मग आईला आत नेलं. मी झाले तेव्हा बाबा जिन्यातच होते, मधल्या पायरीवर. पण त्याआधी आईने दोनदा विचारलं होतं, हे कुठे आहेत? आणि आजीने, म्हणजे मामाच्याच आईने, बाबा जिना चढून आल्या आल्या सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुठी गेलते इतका वेळ?

"थो म्हने, मॅच पाहत होतो."

"पण का? आणि तू का नाही बोललास?"

मामा सुपारी कातरत होता. "मले म्हने, बोलू नोको. सासुरवाडीत शिव्या खाल्ल्या त्यानं, हासत हासत. नोकरी नाई, खिशात चार हजार नाई, हे बुढीले कळलं असतं तं थे काही बोलली नसती. गपचूप पैसे काढून देल्ले असते." जरा थांबून म्हणाला, "तुया आईले सांगू नोको. आता सवय झाली तिले त्या गोष्टीची."

सांगावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आई हे साप्ताहिक वाचत नाही, असं तूर्तास मी धरून चालले आहे.

खाली आले तर बाबा जागे. सौराष्ट्रचा पाठलाग सुरू. मंकडने ८८ केल्या, जानीने ६४, मध्ये एक वेळ अशी आली की मी कॉमेंट्री बंद केली आणि बाबा म्हणाले, "चूप नोको बसू, वाईट असलं तरी सांग." मग यश ठाकूरने चार विकेट्स काढल्या, नचिकेत भुतेने तीन. सौराष्ट्र २७९. अडतीस रन्सनी जिंकलो. विदर्भाचा पहिला विजय हजारे करंडक, आणि मॅन ऑफ द मॅच अकोल्याचा. मामाने स्वतःच्या हाताने बाबांना पेढा भरवला. इंदूरला कोहलीने १२४ करूनही भारत ४१ रन्सनी हरला, न्यूझीलंड भारतात येऊन पहिल्यांदा वन-डे सीरिज जिंकून गेलं. आख्खा देश सुतकात आणि राजापेठेतल्या आमच्या घरात पेढे. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजोत.

रात्री केक कापला. मग बाबा म्हणाले, "लिही."

मी वही उघडली. २०२६, रविवार. त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेले. वर इंदूर, खाली बंगळुरू. मग त्यांनी क्रम बदलायला लावला. वर बंगळुरू.

"बाबा," मी म्हणाले, "ढाक्याचा तो चौका किती वाजता मारला होता?"

"अंधारून आलं होतं. बॉल दिसत नोयता त्याईले."

"आणि मी किती वाजता झाले?"

गॉगलमुळे डोळे दिसत नव्हते. आत आई भांडी आवरत होती, त्याचा आवाज तेवढा येत होता. बाबांनी दिवाणावरची चादर दोन्ही हातांनी सारखी केली.

"तायडेच्या किती बॉलमध्ये झाल्या, ते लिवलं का?"

"एकशे अठरा," मी म्हणाले आणि लिहिलं.